दोनशे अडतीस वेळा हरलेला टायरवाला

बालमित्रांनो, आज आधी एक कोडे घालते. असा कोण माणूस आहे, ज्याने अटलबिहारी वाजपेयी, पी. व्ही. नरसिंह राव, मनमोहन सिंग आणि नरेंद्र मोदी या चारही पंतप्रधानांच्या विरोधात निवडणुकीचा अर्ज भरला, जो एकदाही निवडून आला नाही, आणि तरीही ज्याचे नाव लिम्का बुक ऑफ रेकॉर्ड्समध्ये नोंदले गेले?

नाही ना सांगता येत? मग ऐका. तो कुणी मोठा पुढारी नाही. राजघराण्यातला नाही की सिनेमातला नट नाही. तो आहे तामिळनाडूतला एक टायरवाला! त्यांचे नाव के. पद्मराजन.

तामिळनाडूच्या सेलम जिल्ह्यात मेट्टूर नावाचे गाव आहे. भूगोलाच्या पुस्तकात कावेरी नदी वाचताना हे नाव तुमच्या नजरेखालून गेले असेल. तिथे कावेरीवर १९३४ साली पूर्ण झालेले एक प्रचंड धरण आहे. त्याच गावात पद्मराजन यांचे टायर दुरुस्तीचे दुकान. गाडी यायची, चाक उतरवायचे, टायर दुरुस्त करून पुन्हा चढवायचे, असा रोजचा धंदा. हातांना कायम रबराचा आणि ग्रीसचा वास.

१९८८ साली या टायरवाल्याच्या मनात आले, आपण आमदारकीला उभे राहिलो तर? मेट्टूर विधानसभा मतदारसंघातून उभे राहायचे त्यांनी ठरवले. लोक हसले. टायरवाला आणि आमदार? पण पद्मराजन यांचे म्हणणे साधे होते. निवडणूक काही फक्त पैसेवाल्यांची नाही. कायद्याने साधा माणूससुद्धा उभा राहू शकतो, हे लोकांना दाखवून द्यायचे होते. ते उभे राहिले आणि अर्थातच हरले.

एखादा म्हणाला असता, झाली हौस! पण हे गृहस्थ पुन्हा उभे राहिले. पुन्हा हरले. मग पुन्हा उभे राहिले. स्थानिक निवडणुकांपासून राष्ट्रपतिपदापर्यंत त्यांनी अर्ज भरायचे सोडले नाही. २०२४ सालची लोकसभा निवडणूक आली तेव्हा त्यांच्या हिशेबाप्रमाणे त्यांचे २३८ पराभव झाले होते. त्या वेळी ते धर्मपुरी मतदारसंघातून उभे राहिले आणि तिथेही हरले. १९८८ ते २०२४ म्हणजे छत्तीस वर्षे. करा बरं भागाकार! वर्षाला सरासरी सहा ते सात निवडणुका झाल्या की नाही? भारतातला सर्वांत अयशस्वी उमेदवार म्हणून त्यांची विक्रमाच्या पुस्तकात नोंद झाली ती काही उगीच नाही.

प्रत्येक वेळचा अर्ज, प्रत्येक वेळचे ओळखपत्र त्यांनी लॅमिनेट करून जपून ठेवले आहे. आपण प्रगतिपुस्तक जपून ठेवतो ना, तसेच. फरक इतकाच, की यांच्या प्रगतिपुस्तकात पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत लाल शेरे!

उभे राहायचे म्हणजे नक्की काय करायचे?

"उभे राहिले" असे आपण पटकन म्हणतो. पण उभे राहायला काय काय लागते, हे मोठ्या माणसांनाही पुष्कळदा ठाऊक नसते. म्हणून आपण एक गंमत करू. समजा, तुमच्या कोपऱ्यावरच्या सायकल दुकानवाल्या काकांना महाराष्ट्र विधानसभेची निवडणूक लढवायची आहे. त्यांच्यामागे कुठलाही पक्ष नाही. म्हणजे ते 'अपक्ष' उमेदवार. आता त्यांच्या मागे मागे चला.

पहिली पायरी वयाची. मत द्यायला अठरा वर्षे पुरी लागतात, पण आमदार व्हायला पंचवीस. (मत द्यायचे वयसुद्धा आधी एकवीस होते. ते अठरा झाले १९८९ साली. म्हणजे पद्मराजन पहिल्यांदा उभे राहायचे ठरवत होते, तेव्हा एकोणीस-वीस वर्षांच्या कॉलेजकुमारांना मत देता येत नव्हते.)

दुसरी पायरी मतदारयादीची. महाराष्ट्रातल्या कुठल्याही एका मतदारसंघाच्या यादीत काकांचे नाव हवे. ते उभे राहतात त्याच मतदारसंघात हवे, असे नाही. पण राज्य तेच हवे. लोकसभेचा नियम वेगळा आहे. तिथे देशात कुठेही मतदार असलेला माणूस साधारणपणे दुसऱ्या राज्यातूनही उभा राहू शकतो. म्हणून तर मेट्टूरचे टायरवाले नरसिंह रावांच्या विरोधात आंध्र प्रदेशातल्या नंद्यालपर्यंत पोहोचले.

तिसरी पायरी सूचकांची. मोठ्या मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एकच सूचक पुरतो. अपक्षाला मात्र त्या मतदारसंघातले दहा मतदार सूचक म्हणून लागतात. दहांनी अर्जावर सही करायची. दहा म्हणजे काय फार, असे वाटेल. पण काकांना विचारा! गिऱ्हाईक म्हणून गोड बोलणारे शेजारी सहीचा कागद पुढे केला की, "बघू हं, घरी विचारून सांगतो," म्हणतात.

चौथी पायरी अर्ज आणि प्रतिज्ञापत्राची. विधानसभेच्या उमेदवारी अर्जाला 'नमुना २ ब' म्हणतात. सोबत 'नमुना २६' जोडायचा. त्यात आपली मालमत्ता किती, कर्ज किती, शिक्षण किती आणि आपल्यावर कोर्टात काही खटले आहेत का, हे सगळे शपथेवर लिहून द्यावे लागते. हे कागद कुणालाही पाहता येतात. तुमच्या आमदारांचेही पाहता येतात, बरं का! याशिवाय राज्यघटनेशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घ्यावी लागते.

पाचवी पायरी अनामत रकमेची. विधानसभेला दहा हजार रुपये. अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला निम्मे, म्हणजे पाच हजार. लोकसभेला हीच रक्कम पंचवीस हजार आणि साडेबारा हजार.

त्यानंतर निवडणूक निर्णय अधिकारी सगळ्या अर्जांची छाननी करतात. सही राहिली, रकाना रिकामा राहिला, सूचकाचे नाव यादीत नाही, अशा कारणांनी अर्ज बाद होऊ शकतो. छाननी झाली की माघार घ्यायला दोन दिवस. मग प्रचाराला साधारण दोन आठवडे. आणि मतदान संपायच्या आधीचे अठ्ठेचाळीस तास प्रचार बंद!

काका हरले तरी त्यांची सुटका नाही. निवडणुकीच्या खर्चासाठी वेगळे बँक खाते उघडायचे, पैन् पैचा हिशेब ठेवायचा आणि निकालानंतर तीस दिवसांत तो सादर करायचा. नाही केला, तर तीन वर्षांपर्यंत निवडणूक लढवायला बंदी येऊ शकते. दुकानाची खतावणी नीट ठेवणाऱ्या माणसाला हे काम मात्र चांगले जमेल, नाही का?

अनामत जप्त म्हणजे काय हो?

निकालाच्या दिवशी टीव्हीवर हमखास ऐकू येते, "अमक्याची अनामत जप्त!" हे जप्त होणे म्हणजे नक्की काय?

नियम अपूर्णांकाचा आहे. पडलेल्या एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मते मिळाली, तर हरलेल्या उमेदवारालाही अनामत परत मिळते. तेवढी मिळाली नाहीत, तर ती सरकारजमा होते. निवडून आलेल्याला ती परत मिळतेच.

उदाहरण घेऊ. एका मतदारसंघात २,४०,००० वैध मते पडली. त्याला सहाने भागा. उत्तर आले ४०,०००. म्हणजे काकांना किमान ४०,००१ मते हवीत. बरोबर चाळीस हजार मिळाली, तरी दहा हजार रुपये गेले! एका मताची किंमत दहा हजार रुपये झाली म्हणायची.

आता पद्मराजन यांच्याकडे परत येऊ. त्यांची सर्वांत चांगली कामगिरी झाली २०११ साली, आपल्याच मेट्टूर विधानसभा मतदारसंघात. त्यांना ६,२७३ मते मिळाली. निवडून आलेल्या उमेदवाराला मिळाली पंचाहत्तर हजारांहून जास्त. अनामत अर्थातच गेली. पण जरा थांबून विचार करा. टायर दुरुस्त करणाऱ्या एका माणसाला, ज्याच्याकडे ना पक्ष, ना जीपगाड्यांचा ताफा, सहा हजारांहून जास्त लोकांनी मत दिले. तुमच्या शाळेत किती मुले आहेत? हजार? मग तशा सहा शाळा भरून उरतील इतकी माणसे एका टायरवाल्यासाठी मतदानकेंद्रावर गेली.

पण खिशाचे काय? इतक्या वर्षांत अनामतीपायी त्यांचे लाखो रुपये गेले आहेत. टायरच्या दुकानातून मिळणारी कमाई ही. पदरमोड करूनच हा सगळा खेळ. ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

मासा, अंगठी आणि टायर

अपक्षाला निवडणूक चिन्ह कसे मिळते, हेही पाहू. आपल्याकडे पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ साली झाली. तेव्हा बहुतेक मतदारांना लिहिता-वाचता येत नव्हते. नाव वाचता आले नाही तरी चित्र तर ओळखता येते! म्हणून चिन्हांची कल्पना निघाली. निवडणूक आयोगात एम. एस. सेठी नावाचे चित्रकार होते. पेन्सिलीने त्यांनी कितीतरी चिन्हांची चित्रे काढली. ते १९९२ साली निवृत्त झाले.

मोठ्या पक्षांची चिन्हे राखून ठेवलेली असतात. बाकीची असतात 'मुक्त चिन्हे'. अपक्षाने त्यांतली आपल्या पसंतीची तीन क्रमाने लिहून द्यायची. दोघा अपक्षांनी एकच मागितले, तर चिठ्ठ्या टाकतात. पद्मराजन यांना आजवर मासा, अंगठी, टोपी, टेलिफोन अशी वेगवेगळी चिन्हे मिळाली. आणि २०२४ साली? चक्क टायर! आता आपल्या धंद्याचेच चिन्ह मिळाल्यावर त्यांना केवढा आनंद झाला असेल!

एक हजार तेहतीस उमेदवार!

आतापर्यंत वाचून तुम्हाला वाटले असेल, की ही अनामत रक्कम आणि दहा सूचक म्हणजे गरिबाच्या वाटेतले धोंडेच. काढून टाका ते! कुणीही यावे, उभे राहावे.

पण थांबा. नाण्याला दुसरी बाजूही आहे. ती पाहायला फार लांब जायला नको. मेट्टूरहून जवळच, तामिळनाडूतच इरोडपाशी मोडकुरिची नावाचा मतदारसंघ आहे. १९९६ सालच्या विधानसभा निवडणुकीत तिथे किती उमेदवार असावेत? दहा? पन्नास? अहो, एक हजार तेहतीस!

झाले असे, की तिथल्या शेतकऱ्यांना वाटत होते, आपल्या अडचणींकडे कोणाचेच लक्ष नाही. मग त्यांनी ठरवले, आपण सगळेच उभे राहू. त्या वेळी विधानसभेची अनामत होती फक्त २५० रुपये. भराभरा अर्ज आले. तेव्हा मतदानयंत्रे सगळीकडे आली नव्हती, कागदी मतपत्रिका होत्या. एवढी नावे एका कागदावर मावणार कशी? मतपत्रिकेची पुस्तिका छापावी लागली! मतदाराने पुस्तक चाळायचे, आपला माणूस शोधायचा आणि शिक्का मारायचा. शेवटी सुब्बुलक्ष्मी जगदीशन निवडून आल्या. ८८ उमेदवारांना एकही मत मिळाले नाही.

त्याच वर्षी लोकसभेच्या निवडणुकीत आंध्र प्रदेशातल्या नलगोंडा मतदारसंघात ४८० उमेदवार उभे होते. तिथल्या पाण्यात फ्लोराइड फार. ते पिऊन लोकांची हाडे वाकत होती. आणि आपल्या सीमेवरच्या बेळगावात उमेदवार होते ४५६. तिथल्या मराठी माणसांना सीमाप्रश्नाकडे साऱ्या देशाचे लक्ष वेधायचे होते. या उमेदवारांपैकी बहुतेकांना पक्के ठाऊक होते, की आपण निवडून येणार नाही. त्यांच्यासाठी उमेदवारी अर्ज म्हणजे एक प्रकारचे निवेदनच होते. मोर्चा काढला तर कोणी बघत नाही, मग मतपत्रिकाच आपल्या नावांनी भरून टाकू!

१९९६ च्या त्या लोकसभा निवडणुकीत देशभरात १३,९५२ उमेदवार उभे होते. त्यांपैकी १२,६८८ जणांच्या अनामती जप्त झाल्या. म्हणजे दर शंभरांतल्या नव्वदांपेक्षा जास्त!

मग कायदा बदलला. विधानसभेची अनामत २५० रुपयांची ५,००० झाली, लोकसभेची ५०० ची १०,०००. दोन्हीकडे बरोबर वीसपट. अपक्षाला दहा सूचक लागू लागले. एका माणसाने एका वेळी दोनपेक्षा जास्त मतदारसंघांतून उभे राहायचे नाही, असेही ठरले. परिणाम काय झाला? दोन वर्षांनी, १९९८ साली पुन्हा लोकसभेची निवडणूक झाली तेव्हा उमेदवार होते ४,७५०. तेरा हजार नऊशेवरून पावणेपाच हजारांवर! पुढे २००९ च्या कायदादुरुस्तीने अनामत आणखी वाढून आजची दहा आणि पंचवीस हजार झाली.

म्हणजे बघा, दार सताड उघडे ठेवले तर इतकी गर्दी होते की आतले कुणी ओळखू येत नाही. आणि दार फार लोटून घेतले तर फक्त पैसेवालाच आत शिरतो. दार नक्की किती उघडे ठेवायचे, हा खरा प्रश्न. त्याचे उत्तर अजूनही पुरते सापडलेले नाही. कारण अनामत दहा हजार असली, तरी विधानसभेच्या प्रचारावर आपल्यासारख्या मोठ्या राज्यात चाळीस लाख रुपयांपर्यंत खर्च करायची परवानगी आहे. २०२२ साली ही मर्यादा ठरली. चाळीस लाख खर्च करणारा एकीकडे आणि दुकानाला कुलूप लावून सायकलवर पत्रके वाटणारा एकीकडे. शर्यत एकच!

अपक्ष जिंकतच नाहीत का?

जिंकतात की! आपल्या महाराष्ट्र विधानसभेत २८८ जागा आहेत. १९९५ सालच्या निवडणुकीत त्यांतल्या ४५ जागा अपक्षांनी जिंकल्या होत्या. कोणाचेही स्पष्ट बहुमत नव्हते, त्यामुळे सरकार बनवताना या अपक्षांना फार महत्त्व आले. पुढे मात्र चित्र पालटले. २०२४ साली एकूण ४,१३६ उमेदवार होते. त्यांतले २,०८६ अपक्ष. निवडून आले फक्त दोन.

पद्मराजन यांच्यासारखाच आणखी एक दुकानदार उत्तर प्रदेशातल्या बरेलीत होऊन गेला. काका जोगिंदर सिंग. त्यांचे कापडाचे दुकान होते. तेही तीनशेहून जास्त निवडणुका लढले आणि हरले. लोकांनी त्यांना नाव दिले 'धरतीपकड'. कुस्तीत काही मल्ल मातीला असे चिकटून बसतात, की प्रतिस्पर्ध्याला त्यांना उचलताच येत नाही. तसे हे काका! १९९२ च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत तर ते खरोखर उमेदवार होते. शंकर दयाळ शर्मा निवडून आले आणि काका चार उमेदवारांत चौथे आले. आपली जप्त झालेली अनामत म्हणजे देशाच्या तिजोरीला आपली छोटीशी मदत आहे, असे ते म्हणत. १९९८ साली ते वारले. राष्ट्रपतिपदासाठी आता पन्नास सूचक आणि पन्नास अनुमोदक लागतात आणि तेही खासदार किंवा आमदारच असावे लागतात. हा नियम १९९७ साली आला. त्या वर्षी रिंगणात दोनच उमेदवार होते.

मग हा वेडेपणा की शहाणपणा?

ही सगळी गोष्ट मी आमच्या सातवीच्या मुलांना सांगितली, तेव्हा वर्गात चांगलीच जुंपली. एक मुलगा म्हणाला, "बाई, हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण! त्या पैशात त्यांनी दुकान मोठं केलं असतं. चार पोरांना काम लागलं असतं." त्याचे वडील गॅरेज चालवतात. पैसे कसे मिळतात हे त्याला चांगले माहीत आहे.

दुसरी एक मुलगी म्हणाली, "पण कुणीच नाही उभं राहिलं तर?" सगळा वर्ग गप्प झाला.

तिचा प्रश्न साधा नव्हता. कायदा असा आहे, की एका जागेसाठी एकच उमेदवार उरला तर मतदान होतच नाही. तो उमेदवार बिनविरोध निवडून येतो. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत गुजरातमधल्या सुरत मतदारसंघात असेच झाले. काही अर्ज बाद झाले, बाकीच्या उमेदवारांनी माघार घेतली आणि एकच नाव उरले. लाखो मतदारांचे बोट शाईविना कोरडेच राहिले. त्यांना 'वरीलपैकी कोणीही नाही' हे बटणसुद्धा दाबता आले नाही. दाबायला यंत्रच नव्हते!

म्हणजे मत द्यायला मिळते ते कुणामुळे? जिंकणाऱ्यामुळे नव्हे, तर हरण्याची तयारी ठेवून शेवटपर्यंत रिंगणात राहणाऱ्या त्या दुसऱ्या माणसामुळे.

आणि कधी कधी हरणारा किती थोडक्यात हरतो, तेही ऐका. २००४ साली कर्नाटकात संतेमारहळ्ळी मतदारसंघात एकाला ४०,७५१ मते मिळाली आणि दुसऱ्याला ४०,७५२. २००८ साली राजस्थानात नाथद्वारा मतदारसंघात एकाला ६२,२१५ आणि दुसऱ्याला ६२,२१६. एका मताने आमदारकी गेली! "माझ्या एका मतानं काय होतंय?" असे घरात कोणी म्हणाले, की ही दोन गावे त्यांना जरूर सांगा.

माझे मत विचाराल तर सांगते. प्रत्येक दुकानदाराने २३८ वेळा उभे राहावे, असे मी म्हणणार नाही. घरदार, पोटापाण्याचा धंदा यांची काळजी आधी. सुरुवातीला गॅरेजवाल्याचा मुलगा बोलला, त्यात तथ्य आहे. पण गॅरेजवाल्याला, भाजीवालीला, शिंप्याला, पिठाच्या गिरणीवाल्याला मनात आले तर उभे राहता आले पाहिजे, आणि कुणी उभे राहिले तर आपण खो खो हसता कामा नये. रस्त्यातल्या खड्ड्याने टायर किती फाटतात, हे टायरवाल्याइतके कोणाला कळते? विधानसभेत असा एखादा माणूस पोहोचला, तर रस्त्याचा प्रश्न तो नेमका मांडील. पद्मराजन तिथे पोहोचले नाहीत. पण तिथला रस्ता आपल्यासाठीही आहे, हे त्यांनी छत्तीस वर्षे लोकांना दाखवले.

पालकांनाही एक सांगावेसे वाटते. "राजकारण म्हणजे चिखल, आपल्याला काय करायचंय त्यात," असे आपण मुलांसमोर सहज बोलून जातो. त्यापेक्षा पुढच्या निवडणुकीत मुलाला जवळ बसवून उमेदवारांची यादी वाचा. कोण काय धंदा करतो, किती शिकला आहे, त्याच्या प्रतिज्ञापत्रात काय आहे, ते दोघे मिळून पाहा. यादीच्या तळाशी असलेली अनोळखी नावेही वाचा.

करून पाहा

मुलांनो, वर्गाच्या मॉनिटरची निवडणूक दोनदा घ्या. पहिल्यांदा कुठलीही अट ठेवू नका. दुसऱ्यांदा प्रत्येक उमेदवाराने वीस चिंचोके अनामत ठेवायचे आणि तीन सूचकांच्या सह्या आणायच्या. वर्गात ४२ मुले असतील आणि सगळ्यांची मते वैध ठरली, तर एक षष्ठांश म्हणजे सात. चिंचोके परत हवे असतील तर किमान आठ मते पाहिजेत! दोन्ही वेळा किती जण उभे राहिले आणि दुसऱ्या खेपेला कोण गळाले, ते वहीत लिहा. गळालेल्यांकडे चिंचोके नव्हते म्हणून ते गळाले, की सूचक मिळाले नाहीत म्हणून, हेही त्यांना विचारा.

मग निकाल फळ्यावर लिहिताना जिंकणाऱ्याचे नाव तेवढे लिहू नका. सगळ्यांची नावे लिहा. शेवटच्या क्रमांकावरच्यालाही टाळ्या द्या. तो उभा राहिला, म्हणून तुम्हाला निवड करता आली.